उजेडाच्या आड

आकाशात एवढी जागा असूनही शेजाऱ्यांची भांडणं व्हायची, तेव्हाची गोष्ट. एक नारिंगी, बुटका तारा होता आणि त्याच्याभोवती वायूचा एक अगडबंब ग्रह फिरायचा. ग्रह स्वभावाने गरीब, पण पुढून गेला की ताऱ्याचा थोडा उजेड अडायचाच.

"ढोल्या, सरक!" तारा खेकसायचा. "आधीच मी बुटका, त्यात तू उजेडाच्या आड! जगाला मी दिसायचा कसा?"

बिचारा ग्रह अंग चोरून जायचा. पण एवढं अंग चोरून चोरून किती चोरणार? शेवटी तारा म्हणाला, "ही तुझी शेवटची फेरी. मग काळोखात कुठेही जा." ग्रह शेवटच्या फेरीला निघाला.

तेवढ्यात गावोगावच्या बातम्या शेपटीला बांधून फिरणारा एक धूमकेतू आला.

"अभिनंदन, नारिंगराव! पृथ्वीवर तुमचंच नाव चाललंय. तिथल्या कुमुदताई दुर्बिणीतून तारे बघून बघून कंटाळल्या होत्या. तुम्ही मध्येच जरासे मंद झालात आणि त्या ओरडल्या, 'अगं बाई, ह्याच्यापुढून कोणीतरी गेलं!' आता सगळे तुमच्याकडेच डोळे लावून बसलेत."

"आणि पुन्हा मंद झालोच नाही तर?"

"मग बघतील दुसऱ्या कोणाकडे."

धूमकेतू गेला. ग्रह एव्हाना ताऱ्यापुढून सरकत पार कडेला पोचला होता.

"अरे ए," ताऱ्याने हाक मारली, "पुढच्या फेरीला येशील ना?"

"आलो तर चालेल? अगदी अंग चोरून जाईन."

"छे, छे!" तारा घाईने म्हणाला. "चांगला मधून जा. ऐसपैस."