रेड्याने पाहिलेले बासष्ट दिवे

एका जंगलाच्या कडेला प्राण्यांनी वसवलेल्या शहरात एक रेडा राहत असे. शहराच्या रस्त्यांवर बासष्ट दिवे होते आणि ते सगळे त्याच्या खांद्यावर चालत. मुलांनो, हे अगदी शब्दशः खरे. टेकडीवरच्या एका बंद कोठीत घाण्यासारखे मोठे चाक होते. दिवेलागणीला रेडा त्याच्या दांड्याला खांदा लावून गोल फिरू लागला, की वीज तयार होई आणि तारांतून खांबाखांबावर पोचे. तो थांबला, की शहर काळोखात. म्हणूनच अकरा वर्षे दिवे लावूनही रेड्याने रस्त्यावरचा एकही पेटलेला दिवा पाहिला नव्हता. बाहेर येऊन पाहावे, तर दिवे विझलेले!

ते दिवे होते जुने, पिवळे आणि विलक्षण तापणारे. थंडीत कावळा त्यांच्यावर पाय शेकत बसे. रेड्याच्या बळातला मोठा वाटा असा नुसता तापण्यात जाई, पण ते कुणाच्या ध्यानात आले नव्हते. ओढ्यापलीकडच्या सशांच्या आळीत मात्र एकही दिवा नव्हता. तिथली ससीण दर वर्षी रेड्याकडे येई. "दादा, आमची पोरं अंधारात साकवावरून घसरून ओढ्यात पडतात. चार तरी दिवे द्या हो." गेल्या वर्षी रेड्याने चार दिवे जास्त जोडून पाहिले. त्याचे गुडघे टेकले आणि साऱ्या शहराचे दिवे मंदावले. दिवे पुन्हा काढावे लागले. "ताई, माझ्यात एवढंच बळ आहे," तो मान खाली घालून म्हणाला. त्या दिवशी त्याने कडब्याला तोंड लावले नाही.

खांबांची देखभाल सुतार पक्षी करी. कामाला चोख, बोलायला थोडा. तो माणसांच्या शहरात जाऊन थोड्या विजेवर, न तापता उजळणारे एलईडी दिवे पाहून आला. मग नऊ दिवस चाक बंद ठेवले आणि तेवढ्यात खपून त्याने एकेक जुना दिवा उतरवला आणि तिथे नवा बसवला. प्रत्येक दिव्याचे तोंड नीट खाली, रस्त्याकडे वळवले.

"अरे, हा दिवा की काजवा?" कावळा ओरडला. "याच्यावर मी पाय काय शेकणार, कपाळ?"

"पाय शेकायला शेकोटी कर," सुतार म्हणाला. "हा रस्ता दाखवायला आहे."

दहाव्या दिवशी संध्याकाळी सगळे शहर रस्त्यावर जमले. कोठीत रेड्याने नेहमीसारखा जोर लावून दांडा रेटला आणि तोल जाऊन तो पुढेच धडपडला. चाक भलतेच हलके लागत होते! अकरा वर्षांत त्याला एकच खूण ठाऊक झाली होती : तार तुटली, की चाक हलके होते. तो जागीच थांबला. त्यासरशी बाहेर लखलखलेले रस्ते गुडुप झाले. आरडाओरडा ऐकून त्याने पुन्हा रेटले. पुन्हा हलके लागले, पुन्हा तो थांबला. असे तीनदा झाले.

"गेला, काजवा उडून गेला!" कावळा खो खो हसला.

सुतार आणि ससीण घाईघाईने कोठीत शिरले. "दादा, थांबता कशाला?" ससिणीने विचारले.

"तार तुटलीय. चाकाला भारच नाही, मग दिवे पेटतील कसे?"

"पेटले होते की! झकास पेटले होते. बाहेर येऊन बघा."

"मी बाहेर आलो तर चाक कोण फिरवणार? तू?" रेडा चिडून म्हणाला.

ससीण पुढे झाली. तिने दांड्याला दोन्ही पंजे लावून रेटून पाहिले. दांडा जरासा हलला. ती तशीच दारात गेली आणि तिने हाक मारली, "अगं, आळीतल्या सगळ्यांना बोलवा!" लहानमोठे चौदा ससे आत आले आणि दांड्याला भिडले. चाक कुरकुरले आणि फिरू लागले.

"जा दादा, बघून या," ससीण धापा टाकत म्हणाली. "पण लवकर या हं!"

रेडा दारात आला आणि तिथेच उभा राहिला. टेकडीच्या पायथ्यापासून तळ्यापर्यंत रस्ते कसे स्वच्छ दिसत होते! खड्डा दिसत होता, दगड दिसत होता, वाटेवर पडलेले पानसुद्धा दिसत होते. त्याने एकेक दिवा मोजला. बासष्ट. खात्री करायला पुन्हा मोजले. बासष्टच.

"हे सगळे मी लावलेत?" त्याने हळूच विचारले.

"अकरा वर्षे तुम्हीच लावताय," सुतार म्हणाला.

रेड्याची मान ताठ झाली. मग त्याची नजर ओढ्यापलीकडे गेली. तिथे मिट्ट काळोख होता, आणि त्या काळोखातलेच ससे या घडीला त्याचे चाक रेटत होते. "सुतारा," तो म्हणाला, "माझ्या अंगात अजून पुष्कळ बळ शिल्लक आहे. उद्या पलीकडे खांब रोव."

पंधरवड्यात सशांच्या आळीत अठरा दिवे लागले. आता ऐंशी दिवे ओढूनही रेड्याच्या तोंडाला फेस येत नाही. रोज संध्याकाळी थोडा वेळ ससे चाकावर येतात आणि रेडा साकवापर्यंत फेरी मारतो.

"काय रेडेदादा, आज कुठे?" कावळा खांबावरून विचारतो.

"माझे दिवे बघायला," रेडा म्हणतो, आणि चालता चालता मोजत जातो.

तात्पर्य : वाया जाणारे बळ राखले, तर त्याच बळाने अंधारात राहिलेल्या शेजाऱ्याची वाटही उजळते.