बुटकी कणगी

ही फार फार जुनी गोष्ट आहे. पोरांनो, ऐका, आणि थोरांनीही ऐका, कारण यातला दोष थोरांनाच जास्त जडतो.

एका गडाच्या पायथ्याशी दोन वाड्या होत्या. बांबूच्या कामट्यांचा विणलेला तट्ट्या गोल गुंडाळायचा, बंदांनी बांधायचा, शेणाने लिंपायचा, की धान्याची कणगी तयार. ज्याची कणगी उंच, त्याचा मान मोठा, असा तिथला रिवाज. वरच्या वाडीच्या पाटलाला या मानाची भारी हौस होती.

एके दिवशी बातमी आली, शत्रू नदी उतरला. दोन्ही वाड्या धान्यासकट गडावर धावल्या. गडकऱ्याने दोन्ही वाड्यांच्या पाटलांना एकेक तट्ट्या दिला. माप सारखंच, रुंदीच्या दुप्पट लांबी.

"दिवस मावळेपर्यंत कणगीत मावेल तेवढं तुमचं," त्याने बजावलं. "उघड्या धान्याला उंदीर लागतात, मागून रोगराई येते. उरेल ते मी जाळणार. वेढा उठेपर्यंत ज्याने त्याने आपल्या कणगीतलं खायचं."

पाटलाने तट्ट्याची लांब बाजू उभी ठेवली आणि आखूड बाजूचा घेर केला. उंच, सडपातळ कणगी झाली. ती काठोकाठ भरली, तरी निम्मे जोंधळे बाहेरच राहिले.

पाटलीण हळूच म्हणाली, "अहो, तट्ट्या आडवा धरा. लांब बाजूचा घेर करा. लिंपायला शेण तेवढंच लागेल, पण धान्य दुप्पट मावेल."

पाटलाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. घेर दुप्पट झाला की तळ चौपट होतो, मग उंची निम्मी झाली तरी फायदाच, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. पण खालच्या वाडीने कणगी उंचच बांधली होती आणि सगळे इकडेच बघत होते.

"आणि बुटक्या कणगीचा पाटील म्हणवून घेऊ?" तो खेकसला.

सूर्य डोंगराला टेकला. गडकऱ्याची माणसं पेटते पलिते घेऊन आली. "पाटील, बाजूला व्हा."

एक लेकुरवाळी ढिगाला आडवी उभी राहिली. तिच्या कडेवरचं पोर मूठभर जोंधळे तोंडात कोंबत होतं. पाटलाने त्या पोराकडे पाहिलं. त्याने कोयता उचलला आणि स्वतःच्याच कणगीचे बंद सपासप तोडले.

जोंधळे भसाभसा खाली आले. खालची वाडी खदाखदा हसली.

"हात चालवा रे!" पाटील ओरडला. तट्ट्या आडवा बांधला. सुपं, टोपल्या, लुगड्यांचे ओचे, मिळेल त्यातून धान्य ओतलं. पलिता हातभर अंतरावर आला तेव्हा शेवटचं सूप रिकामं झालं. कणगी पाटलाच्या छातीलाही लागत नव्हती.

पलिते पुढे गेले. खालच्या वाडीचं निम्मं धान्य जळत राहिलं.

वेढा लांबला. एका सकाळी खालच्या वाडीचा पाटील रिकामी टोपली घेऊन बुटक्या कणगीपाशी आला. त्याची मान वर होत नव्हती.

"पाटील, त्या दिवशी मी हसलो होतो."

"मीही तुमच्या जागी हसलोच असतो," वरच्या वाडीचा पाटील म्हणाला. "भरून घ्या आधी. पोरं भुकेली असतील."

तात्पर्य: आपण लोकांना किती उंच दिसतो याला संकटात किंमत नसते, आपल्यात किती मावतं, तेच कामी येतं.