उत्तर देण्याआधी

फार पूर्वी एका वडावरील पक्ष्यांचा नियम होता : उत्तर देणाऱ्याने आधीच्या सर्वांचे बोलणे जसेच्या तसे म्हणावे, मगच स्वतःचे बोलावे.

एकदा बुलबुल ओरडली, "साप चढतो आहे! मी अंडी सोडू शकत नाही. मुंगसाला कोणी बोलावील का?"

साळुंकीने ते सर्व म्हणून पुढे जोडले, "फार वाईट झाले, ताई." पोपटाने दोघींचे म्हणून जोडले, "सहमत."

"अहो, साप फांदीवर आला!"

"ताई, मध्ये बोलू नये," बगळेराव गंभीरपणे म्हणाले. "आता हेही म्हणावे लागेल."

अंडी गिळून साप खाली उतरला, तेव्हा कावळ्याचे सर्वांचे बोलणे म्हणून झाले आणि त्याने स्वतःचे उत्तर जोडले, "मुंगूस पलीकडच्या बांधावरच आहे, बोलावतो."