निळूचा दहा पानांचा निबंध

एका गावात एक भोळा पोरगा होता. आता एका गावात एकच भोळा असतो असं काही नाही, पण हा त्या गावाचा ठरलेला भोळा. नाव निळू. नीळकंठ हे फक्त हजेरीत. निळू आळशी नव्हता, उद्धट नव्हता, खोटं बोलणं तर त्याला जमायचंच नाही. त्याचा घोळ एकच. तो सांगितलेलं ऐकायचा. अगदी सगळं ऐकायचा. कुणी काही शिकवलं की खिशातला रुमाल काढायचा आणि एक गाठ मारायचा, म्हणजे विसरायला नको.

निळू नववीत होता. मागच्या वर्षीही नववीतच होता. त्याच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आधीच सांगून ठेवलं होतं, "यंदा परत गटांगळी खाल्लीस तर शाळा बंद. शेवंता आत्याच्या पोल्ट्रीवर पाठवतो. बस अंडी गोळा करत."

दुसऱ्या कुणाला हे चाललंही असतं. पण निळू कोंबडीला घाबरायचा. एका कोंबडीला. पोल्ट्रीवर होत्या दोन हजार.

तर एक दिवस मराठीच्या मगदूम बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "यंदा प्रत्येकानं संशोधन करून निबंध लिहायचा. स्वतः प्रश्न शोधायचा, स्वतः हिंडायचं, माणसांना विचारायचं, उत्तर काढायचं. दहा पानं, वीस मार्क. गाईडमधून उतरवलेला दिसला तर फाडून हातात देईन."

पोरांनी पटापट विषय सांगितले. चौदा जणांनी वृक्षतोड घेतली. निळू उभा राहिला.

"बाई, आपल्या गावचा बाजार बुधवारीच का भरतो?"

वर्ग हसला. बाई नाही हसल्या.

"चांगला प्रश्न आहे रे निळू. मला पण माहीत नाही."

निळूचे कान लाल झाले. दोन वर्षांत 'चांगला' हा शब्द त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता. त्यानं मनात ठरवलं, आता चुकायचं नाही.

"पण उगाच धावत सुटू नकोस," बाई म्हणाल्या. "कुठलंही काम असो, आधी आराखडा. मुद्दे काढायचे, क्रम लावायचा, मगच हात घालायचा."

"बरं बाई," म्हणाला निळू. रुमालाला एक गाठ.

घरी आला. आई मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. तिथूनच ओरडली, "निळू, दूध वर येतंय, गॅस बंद कर!"

कुठलंही काम असो, आधी आराखडा. निळूनं वही काढली. एक, प्रस्तावना. दोन, दूध म्हणजे काय. तीन, आपल्या घरात दुधाचं स्थान. चार, गॅस बंद करणे. पाच, समारोप.

दुसऱ्या मुद्द्याला दूध शेगडीवर आलं. तिसऱ्याला ओट्यावर. चौथ्या मुद्द्याला निळू उठला तेव्हा पातेल्यात समारोपच राहिला होता.

"अरे मेल्या, मुद्दे कसले काढतोस?" आईनं कपाळावर हात मारला. "पांढरा फेस वर आलेला दिसला की विचार करायचा नाही! फुंकर मारायची आणि धरून खाली उतरवायचं!"

"बरं आई." दुसरी गाठ.

दुसऱ्या दिवशी निळू निघाला केरू तात्यांना भेटायला. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. नव्वदीच्या पुढचा. बाजाराचं गुपित माहीत असलं तर यांनाच. तात्या सापडले गजूच्या सलूनमध्ये, उंच खुर्चीवर, डोळे मिटून. या कानापासून त्या कानापर्यंत दाढीचा साबण. पांढरा. फेस. चांगला वर आलेला.

निळूनं विचार केला नाही. जोरात फुंकर मारली. अर्धा फेस आरशावर, अर्धा गजूच्या डोळ्यात. मग तात्यांना काखेत धरलं आणि खाली उतरवलं. फरशीवर.

तात्या खालून वर बघत म्हणाले, "अरे, मी काय पातेलं आहे?"

"नाही तात्या."

"मग? मोठ्या माणसाकडं असं येतात? आधी पाया पडायचं. गप खाली बसायचं. मोठी माणसं बोलतील तो शब्द न् शब्द लिहून घ्यायचा. आपण तोंड उघडायचं नाही!"

"बरं तात्या." तिसरी गाठ.

तिथनं निळू गेला ग्रामपंचायतीत, जुनं दप्तर बघायला. तिथे ग्रामसेवक घोलप भाऊसाहेब फोनवर बोलत होते. भाऊसाहेब म्हणजे मोठी माणसं. निळू पाया पडला. खाली बसला. वही उघडली.

"काय पाहिजे रे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

निळूनं लिहिलं, 'काय पाहिजे रे.'

"मुका आहे का काय हा," भाऊसाहेब फोनवर म्हणाले आणि पुढं बोलत राहिले. निळू पुढं लिहीत राहिला.

तेवढ्यात सरपंच काकू आल्या. पोरगं जमिनीवर बसून एवढं काय लिहितंय म्हणून त्यांनी वही उचलली आणि मोठ्यानं वाचली, "'काकूंना सांगतो पोटात दुखतंय, आणि चारला सटकतो. तू मॅच लावून ठेव. भजी माझ्याकडून.'"

काकूंनी वही भाऊसाहेबांच्या नाकासमोर धरली.

"अहो काकू, कुणी एकानं लिहिलं म्हणून खरं असतं का?" भाऊसाहेबांना घाम फुटला. मग ते निळूकडे वळले. "आणि तू रे! एका ठिकाणी ऐकलं की लगेच खरं मानायचं नाही. आधी चार माणसांना विचारायचं. चौघं हो म्हणाले तरच पुढं जायचं. समजलं?"

"बरं भाऊसाहेब." चौथी गाठ.

आणि आता गंमत बघा. तात्यांचा धडा आणि भाऊसाहेबांचा धडा, हे दोन धडे चुकून बरोबर जागी पडले. निळू पुन्हा तात्यांकडे गेला. यावेळी दाढी झालेली होती. पाया पडला, गप बसला. तात्या दोन तास बोलले आणि निळूनं शब्द न् शब्द लिहिला. पूर्वी नदीवर पूल नव्हता म्हणे. एकच होडी. होडीवाल्याची सासुरवाडी पलीकडच्या काठाला. तो सोमवारी जायचा, मंगळवारी सासूच्या हातचं मटण खायचा आणि बुधवारी सकाळी परत यायचा. पलीकडची माणसं माल घेऊन त्याच होडीत बसून यायची. म्हणून बाजार बुधवारी. पुढं होडी गेली, होडीवाला गेला, पूल आला, बाजार तिथंच राहिला.

एकाचं ऐकून चालत नाही. निळू आणखी तिघांकडे गेला. बाजारात कोथिंबीर विकणाऱ्या हौसाबाईनं सासूकडून हेच ऐकलं होतं. सलूनवाल्या गजूच्या आजोबांनी त्या होडीत बसून दाढ्या केल्या होत्या. भाऊसाहेबांनी कटकट नको म्हणून जुनं दप्तर काढलं, तर त्यात ओळच निघाली, 'आठवडे बाजार बुधवार, होडीच्या सोयीने.'

झाली की दहा पानं!

बुधवारी सकाळी मगदूम बाईंनी कच्चा निबंध वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला, मग चष्मा काढून पुसला.

"निळू, अरे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. शुक्रवारी तालुक्याचे साहेब येणार आहेत, त्यांना हाच दाखवू. वीसपैकी अठरा तर कुठं जात नाहीत. तू दहावीत गेलास समज. फक्त घरी एकदा नीट तपास आणि स्वच्छ प्रत घेऊन ये."

निळू उड्या मारत घरी निघाला. वाटेत शेजारचा शिवा धावत आला. "निळ्या, तुमची म्हैस सुटली! बाजाराकडं गेली, पळ!"

एका ठिकाणी ऐकलं की लगेच खरं मानायचं नाही. निळू पिठाच्या गिरणीत गेला. "आमची म्हैस सुटलीय का हो?" गिरणीवाला म्हणाला, "होय, पळ की लेका!" दोन झाले. निळूनं टपालवाल्याला थांबवलं. "होय रे, काळी, एक शिंग वाकडं." तीन. चौथी हौसाबाई.

"मावशी, आमची म्हैस सुटलीय का?"

"सुटली की," हौसाबाई म्हणाली. "कोथिंबिरीची पहिली पाटी संपवली. आता दुसरी खातेय."

चार झाले. मग निळूनं म्हैस धरली.

संध्याकाळी अण्णांनी त्याला समोर उभं केलं. "अरे, आपली म्हैस आपली आहे का नाही हे गावाला विचारत हिंडतोस? एवढं सोपं असतंय, बाबा. आपलं असेल ते आपण ठेवायचं. दुसऱ्याचं असेल ते ज्याचं त्याला देऊन टाकायचं. जन्मभर एवढं पाळलंस तरी बास!"

"बरं अण्णा." पाचवी गाठ. रुमालात आता नाक पुसायला जागा उरली नव्हती.

गुरुवारी निळू निबंध तपासायला बसला. पहिलं पान वाचलं. हे कुणाचं? तात्यांचं. दुसरं? तेही तात्यांचं. सातव्या पानावर हौसाबाईची सासू. आठव्यावर गजूचे आजोबा. निळूला दरदरून घाम फुटला. दहा पानं दुसऱ्याची, आणि आपण खुशाल दप्तरात घालून हिंडतोय!

त्यानं कात्री घेतली.

"तात्या, ही घ्या तुमची सहा पानं." तात्यांनी उशीखाली ठेवली. हौसाबाईनं तिच्या पानात तिथल्या तिथं मिरच्या बांधल्या. गजूनं आजोबांच्या पानाला वस्तरा पुसला. घोलप भाऊसाहेबांनी आपला तुकडा घेतला, शिक्का मारला आणि आवक वहीत नोंद केली.

शुक्रवारी तालुक्याचे साहेब आले. बाईंनी नवी साडी नेसली होती. "साहेब, हा आमचा निळू. याचा निबंध बघाच," असं म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचं कव्हर साहेबांच्या हातात दिलं.

साहेबांनी उघडलं. आत एक ओळ होती. 'आपल्या गावचा बाजार बुधवारीच का भरतो?' त्याखाली पांढरं.

"प्रश्न छान आहे," साहेब म्हणाले. "उत्तर?"

"ते ज्याचं त्याला दिलं साहेब. प्रश्न माझा होता, तो ठेवला."

बाई खुर्ची धरून बसल्या. साहेब भला माणूस होता. म्हणाले, "बाई, राहू दे. प्रश्नाचे चार मार्क देतो. बाकीचे मार्क धरून पोरगं काठावर पास होईल." त्यांनी पेन काढलं, कव्हर उलटं केलं, सुलटं केलं. "पण यावर नाव कुठंय? नावाशिवाय मार्क कुणाला देऊ?"

"नाव पण माझं नव्हतं साहेब," निळू म्हणाला. "आत्यानं ठेवलेलं. बारशाला, कानात कुर्रर्र करून. काल पोल्ट्रीवर जाऊन परत देऊन आलो."

"तू? पोल्ट्रीवर?" बाईंच्या तोंडून कसंबसं निघालं. "कोंबड्यांतून?"

"डोळे मिटून गेलो बाई. दुसऱ्याचं ठेवायचं नसतं."

"मग... आत्या काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं झालं, नाव आलं. आता सोमवारपासून तू पण ये. कोंबड्यांना सांगून ठेवते."