शिवणीतली माया

एका गावात गोदावरी नावाची शिंपीण होती. आसपासच्या वाड्यांवरच्या बायका ब्लाऊज शिवायला तिच्याकडेच येत, कारण गोदाक्का शिवणीत माया भरपूर सोडायची. माया म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड. पुढे अंग भरलं, की शिवण उसवून ब्लाऊज सैल करता येतो. कोणी लाजत उसवायला आली, की ती म्हणे, "पाळी जायच्या वयात कंबर भरतेच बाई. त्यात लाजायचं काय?"

मग गोदाक्काची स्वतःची पाळी गेली, पोट सुटलं, आणि हे शहाणपण कुठल्या कुठे पळालं. लेकीचं, मंजुळाचं लग्न ठरलं होतं. मांडवात विहिणी हसतील या धास्तीनं तिनं आपला ब्लाऊज हट्टानं जुन्याच मापाचा शिवला. माया ठेवलीच नाही, म्हणजे बारीक होण्यावाचून सुटका नको. मग जेवण सोडलं. सगळ्यांना वाढायची आणि स्वतः चहावर दिवस काढायची. हातापायांतलं बळ गेलं, मेलं पोट मात्र हटेना.

हळदीच्या दिवशी ब्लाऊज दंडातून वर सरकेना. ओढता ओढता तिला घेरी आली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. मंजुळा हळदीच्या अंगानं धावत आली. आईचा हात थंडगार लागला, तशी तिला रडूच कोसळलं.

"आई, गावच्या बायकांना माया सोडतेस. तुझ्याच वाट्याला का गं नाही?"

"मीच मला नावं ठेवत बसले गं," गोदाक्का म्हणाली. मग तिनं भाकरी आणि मटकीची उसळ मागून घेतली आणि पोटभर जेवली. लग्नात रोजचाच सैल ब्लाऊज घालून मिरवली. कोणी हसलं नाही. हसलं असतं, तरी तिला ऐकायला सवड नव्हती.

लग्नानंतर ती रोज सकाळी ओढ्यापर्यंत भरभर चालून येऊ लागली. ताटात तेल-गोड कमी केलं, डाळ-भाजी वाढवली. हळूहळू पोट थोडं उतरलं, थोडं तसंच राहिलं, पण अंगातलं बळ परत आलं. एके दिवशी तिनं टेप काढली आणि स्वतःचं नवं माप घेतलं. माप घेताना तिनं श्वास आत ओढून धरला नाही.

तात्पर्य: वयाबरोबर बदललेल्या शरीराला उपाशी ठेवून शिक्षा करू नये, त्याला नीट खाऊ घालावं, हिंडवावं, आणि जगाला जेवढं समजून घेतो तेवढं स्वतःलाही घ्यावं.