मेण गेल्यावर

गोदेकाठच्या एका नगरात चंद्रकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने सोनाराच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव कनकदत्त.

त्या वर्षी राजाची एकुलती एक लेक शुभा तापाने दगावली. राजा मोठा शूर, पण राणी मृणालिनीच्या दुःखापुढे त्याचे काही चालेना. मग त्याने आज्ञाच काढली, 'शुभा गेली' असे वाड्यात कुणी म्हणायचे नाही. झाले! दासी म्हणत, राजकन्या निजल्यात. राणी हसून मान डोलवी. ती रडत नसे आणि जेवतही नसे. दिवसेंदिवस ती विरत चालली, तेव्हा घाबरून राजाने शुभाची सोन्याची मूर्ती घडवायला सांगितली.

कनकदत्ताने आधी मेणाची शुभा केली आणि तिच्यावर मातीचे लेप दिले. असा साचा तापवला की मेण वाहून जाते आणि त्या पोकळीत सोने ओततात. पण त्याआधी, ज्याच्यासाठी मूर्ती घडते त्याने आत डोकावून "मेण गेलं" म्हणायचे, ही सोनारांची रीत होती.

राजाबरोबर राणी सोनाराच्या भट्टीपाशी आली. तिला सारे पाण्याखालून पाहावे तसे दिसत होते. तापल्या मेणाचा मधासारखा वास सुटला होता, मुशीत वितळलेले सोने हलकेच डुलत होते. तिने साच्यात डोकावले. तिचे ओठ हलले, पण शब्द फुटेना.

"ओत रे," राजा म्हणाला. "गाव इनाम देतो."

कनकदत्ताने मूस खाली ठेवली. "देवी बोलल्याशिवाय नाही, महाराज."

"मग नगर सोडावं लागेल."

"सोडीन. पण आज मी ओतलं, तर देवी त्या मूर्तीलाच घास भरवत बसतील आणि स्वतः उपाशी मरतील."

राणीने पुन्हा आत पाहिले. आत सगळी जागा शुभाची होती, फक्त शुभा नव्हती.

"मेण गेलं," ती म्हणाली. आणि मग, "माझी शुभा गेली."

ती तिथेच राखेत बसून रडली. राजाही तिच्याशेजारी बसला आणि त्यालाही रडू आवरेना.

"आता ओतू?" कनकदत्ताने हळूच विचारले.

"नको, बाबा," राणी म्हणाली. "तुझ्या घरी थोडी पेज मिळेल का?"

ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "तेव्हाची राणी म्हणजे ही भिक्षुणी सुप्रभा, राजा म्हणजे उपासक नंदिसेन आणि तो सोनार मीच होतो. दुःखी माणसाला खोट्याने गोंजारणे मला तेव्हाही जमले नाही. ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."