एक घर मागे

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध कारागीर होता. जुन्या मोटारींना पुन्हा चालते करणे हे त्याचे काम, आणि ते तो अशा निष्ठेने करी की दूरच्या शहरांतले शौकीन लोक आपल्या वाडवडिलांच्या गाड्या त्याच्याकडे घेऊन येत. सगळे त्याला नाना म्हणत. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. चांगला तिशीतला, संसारी, कामात तरबेज. त्याच गावात गुळाचा एक मोठा व्यापारीही होता. या शिष्याचे आणि व्यापाऱ्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, अशी माणसे गावोगाव असतात. व्यापाऱ्याच्या मुलीचे नाव मात्र सांगतो, कारण या कथेत तिचेच कोणी ऐकले नाही. तिचे नाव केतकी.

व्यापाऱ्याच्या वडिलांनी हौसेने घेतलेली एक लाल स्पोर्ट्स कार त्या घरात होती. दोनच आसनांची, बुटकी, लांब नाकाची, कापडी टपाची. केतकी लहानपणापासून त्या गाडीत आजोबांच्या शेजारी बसत आली. पाय पुरू लागल्यावर आजोबांनीच तिला ती चालवायला शिकवले आणि जाताना सर्वांदेखत सांगून गेले की ही गाडी केतकीची. व्यापाऱ्याला हे पूर्णपणे मान्य होते. फक्त तिने ती चालवू नये, एवढीच त्याची अपेक्षा होती.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पत्नी अकाली गेली, पदरी ही एकच मुलगी. ती घराबाहेर पडली की याचा जीव टांगणीला लागे. पण व्यापारात ज्याने आयुष्यभर ढेपा बांधल्या, त्याला वाटते की आवळून बांधले म्हणजे सांभाळले. तो मुलीलाही त्याच पद्धतीने सांभाळू पाहत होता.

दर हिवाळ्यात जुन्या गाड्यांचा एक ताफा घाट चढून पठारावर जाई, तिथे सगळे जेवत आणि दुपारी उतरत. एका वर्षी केतकीने हट्ट धरला की आजोबांची गाडी ताफ्यात मीच नेणार. नाही म्हणायला कारण सापडेना, तेव्हा व्यापाऱ्याने गाडी नानांच्या गॅरेजमध्ये नेऊन मागचे ब्रेक घट्ट करून घेतले आणि मग परवानगी दिली. जाताना काही झाले नाही. उतरताना मात्र एका वळणावर तिने ब्रेक दाबला आणि पायाखालचा पेडल सरळ तळाला जाऊन टेकला. मुलगी धीराची. तिने चाक डोंगराच्या बाजूला वळवले आणि गाडी दगडी कडेला घासत घासत थांबवली. मनगट मोडले, पुढचा मडगार्ड चेपला, जीव वाचला.

व्यापारी आपल्या मोठ्या गाडीतून मागोमाग येतच होता. धावत आला, मुलीला डोळ्यांनी चाचपले, आणि भीतीने जे तोंडात आले ते साऱ्या ताफ्यासमोर बोलून गेला. ‘‘तुला जमायचं नाही, हे मी आधीच सांगितलं होतं.’’ मग त्याने गाडीची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

केतकी एवढेच म्हणाली, ‘‘बाबा, चढतानाच गाडी जड वाटत होती. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी.’’

ते कुणी मनावर घेतले नाही. हात बरा झाल्यावर ती नोकरीसाठी नाशिकला गेली. सणाला येई, वाढलेले जेवे आणि दुसऱ्या दिवशी परत जाई. गाडीचा विषय तिने पुन्हा काढला नाही, आणि व्यापाऱ्याला वाटले, चला, शहाणी झाली.

काही हिवाळे गेले. चेपलेला मडगार्ड एका रंगाऱ्याने ठोकून सरळ केला होता, गाडी गोदामात झाकून पडली होती. पुन्हा ताफ्याचा दिवस जवळ आला आणि या वेळी पुतण्या चालवणार असे ठरले. व्यापारी गाडी घेऊन नानांकडे आला.

‘‘नाना, मागचे ब्रेक तेवढे बघा. हँडब्रेकचा दांडा पार वर येतोय. मागं तुमच्या चेल्यानं आवळले होते ना, तसेच करकचून आवळा. पुतण्याला वेगाची फार खाज आहे.’’

‘‘मागं म्हणजे कधी?’’ नानांनी विचारले.

‘‘तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला गेला होतात तेव्हा. केतकीनं गाडी घाटात नेली, त्याच्या आदल्या दिवशी.’’

नानांनी शिष्याकडे पाहिले. शिष्य खाली वाकून पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातातच होता.

गाडी जॅकवर चढली. मागची दोन्ही चाके उतरली, आतले लोखंडी ड्रम निघाले. नानांनी एक ड्रम उजेडात धरला. त्याच्या आतल्या बाजूला निळसर जांभळी झाक होती. ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानींवरचे, म्हणजे ब्रेकच्या शूवरचे, लायनर झिजून पातळ आणि काचेसारखे गुळगुळीत झाले होते. नाना तो ड्रम बराच वेळ हातात फिरवत राहिले. मग बाकावर ठेवून म्हणाले, ‘‘नवे लायनर लाव. तेल सगळं बदल. ड्रम पुसून घे.’’

एका बाजूचे काम होऊन चाक पुन्हा चढल्यावर त्यांनी जे केले, ते पाहून व्यापारी चक्रावला. त्यांनी गाडीखाली हात घालून हँडब्रेकची केबल पार सैल सोडून दिली.

‘‘अहो नाना, मी आवळायला आणली आणि तुम्ही सोडताय?’’

‘‘बघा तर खरं,’’ नाना म्हणाले, आणि शिष्याला खूण केली.

चाकाच्या मागच्या पत्र्यावर चौकोनी डोक्याचा एक लहान बोल्ट असतो. तो फिरवला की टक् असा आवाज येतो आणि आतले शू एक घर पुढे, ड्रमच्या जवळ सरकतात. शिष्य घरामागून घर सरकवत गेला, आणि चाक जाम झाले. व्यापाऱ्याने दोन्ही हातांनी ओढून पाहिले. चाक तसूभर हलेना.

‘‘हां, आता कसं,’’ तो खूश होऊन म्हणाला. ‘‘असंच राहू द्या.’’

नानांनी शिष्याच्या हातातून पाना घेतला आणि तोच बोल्ट एक घर मागे फिरवला. टक्. मग त्यांनी चाकाला हलकेच टिचकी दिली. चाक फिरू लागले, फिरतच राहिले. आतून लायनर घासल्याचा अगदी बारीक आवाज येत होता, केरसुणीचा यावा तसा.

व्यापाऱ्याचा पारा चढला. ‘‘नाना, रागावू नका, पण वय झालं तुमचं. लागलेला ब्रेक कुणी सोडतं का?’’

नानांनी केबल जागेवर बसवली, आतला झोल तेवढा काढून घेतला, चाक पुन्हा फिरवले आणि व्यापाऱ्याला हँडब्रेकचा दांडा ओढायला सांगितला. दांडा थोडासाच वर आला आणि फिरते चाक जागच्या जागी थांबले.

‘‘शेठ,’’ नाना म्हणाले, ‘‘ब्रेकनं हाक येईपर्यंत गप्प बसायचं असतं. शूनं ड्रमच्या जवळ राहायचं, पण अंगाला चिकटायचं नाही. एक घर अंतर लागतंच. तेवढंही ठेवलं नाही, तर गाडी चालत असते आणि ब्रेक तिला सारखा धरून असतो. वरून कुणाला दिसत नाही. चालवणाऱ्याला गाडी जड वाटते, एवढंच. आत सगळं तापत जातं, ब्रेकच्या नळीतलं तेल उकळतं, आणि खरोखर थांबायची वेळ येते तेव्हा पायाखाली काही उरलेलं नसतं. जो ब्रेक सारखा धरून बसतो, तो नेमक्या वळणावर दगा देतो.’’

मग त्यांनी बाकावरचा दुसरा ड्रम उचलून व्यापाऱ्याच्या हातात दिला. ‘‘हा निळा रंग लोखंड भाजल्याशिवाय येत नाही. घाट चढून होईपर्यंतच हे भाजलं होतं. त्या दिवशी मुलगी काय म्हणाली होती तुम्हाला?’’

व्यापाऱ्याला ते वाक्य आठवायला शोधावे लागले नाही. इतकी वर्षे ते त्याच्या कानात होते, त्याने फक्त त्याचा अर्थ लावला नव्हता. ‘‘कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी,’’ तो पुटपुटला, आणि तिथल्या एका उपड्या खोक्यावर बसला. ‘‘म्हणजे तिची चूक नव्हती?’’

‘‘पेडल तळाला गेलेला असताना तिनं गाडी दरीकडं जाऊ दिली नाही, डोंगराला लावली. तुमची मुलगी फार चांगली चालवते, शेठ.’’

शिष्य मान खाली घालून उभा होता. म्हणाला, ‘‘नाना, एक घर मागं घ्यायचं मला माहीत होतं. शेठ चाक ढकलून बघत होते आणि अजून, अजून म्हणत होते. शेवटी मी केबलही ओढली. अपघाताचं ऐकलं तेव्हा मनात आलं होतं माझ्या. पण सगळेच म्हणाले, मुलीला जमलं नाही. मग मीही म्हटलं, तसंच असेल.’’

‘‘गिऱ्हाईक खूश झालं,’’ नाना म्हणाले, ‘‘आणि चालवणारीला कुणी विचारलं नाही.’’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शिष्याला सोसणे सोपे गेले असते.

व्यापाऱ्याने तिथेच बसून मुलीला फोन लावला. आडपडदा ठेवला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. ब्रेक आपणच आवळायला लावले होते, गाडी त्यामुळेच थांबली नाही, चूक तुझी नव्हती, असे सगळे त्याने सांगितले.

‘‘मी तेव्हाच सांगितलं होतं, बाबा,’’ केतकी म्हणाली.

‘‘हो. सांगितलं होतंस. तू ये बाळ. गाडी तुझी आहे. या वेळी ताफ्यात दादा नेणार होता, पण तूच चालव.’’

‘‘मी आता गाडी चालवत नाही, बाबा. कुठलीच नाही. इथं रिक्षानं जाते. रिक्षा उताराला लागली तरी माझा पाय नसलेला ब्रेक दाबतो. तुम्ही बोललात ते मी खरं मानलं होतं.’’

मग तीच म्हणाली, ‘‘दादाला सांगा, उतरताना खालचा गिअर ठेव. नुसत्या ब्रेकवर उतरू नकोस म्हणावं. आजोबांनी मला तसंच शिकवलं होतं.’’ आणि तिने फोन ठेवला.

त्या उपड्या खोक्यावर तो गृहस्थ निळा ड्रम मांडीवर घेऊन बसून राहिला. अशा वेळी सांत्वन करू नये, हे नानांना ठाऊक होते. त्यांनी शिष्याला दुसऱ्या चाकाचे काम करायला सांगितले. शिष्याने लायनर लावले, मांडीवरचा ड्रम हळूच मागून घेतला, चाक चढवले आणि ते जाम होईपर्यंत बोल्ट फिरवला. मग तो थांबला आणि त्याने पाना व्यापाऱ्यापुढे धरला.

व्यापारी उठला. गुडघे टेकून, हात काळे करून घेत, त्याने तो बोल्ट एक घर मागे फिरवला. टक्. त्याने चाकाला टिचकी दिली. चाक फिरू लागले आणि ते आपोआप थांबेपर्यंत तिघेही ऐकत राहिले.

ज्याची आपल्याला काळजी वाटते, त्याचे चाक अधूनमधून हाताने फिरवून पाहावे. आणि तो म्हणाला की जड जाते आहे, तर ते त्याच दिवशी ऐकावे.